परतीची उडी

शोपाँच्या ई-फ्लॅट मेजरमधल्या नॉक्टर्नची (ऑपस 9, क्रमांक 2) सुरावट पियानो न शिकलेल्यांनाही गुणगुणता येते. ती सगळी उजव्या हाताची. डाव्याकडे कोण लक्ष देतो? आपल्याकडे तर पेटीवाल्याचा डावा हात भात्यावरच गुंतलेला!

पण ही रचना तोललेली आहे ती डाव्या हातावर. बारा ठोक्यांचं माप, तिना-तिनाचे चार गट. प्रत्येक गटात आधी करंगळीने वाजवलेला खर्जातला एकच स्वर, मग मधल्या सप्तकाकडे एक कॉर्ड, मग बहुधा तिच्याहून वर दुसरी. शिकणाऱ्याला धास्ती असते वर जाण्याची. माझ्या मते खरी परीक्षा परतताना होते. सर्वांत लांबचं अंतर दुसऱ्या कॉर्डवरून पुढच्या खर्जापर्यंतचं, आणि तिथेच ठोका पडायचा असतो. वरची कॉर्ड किंचित डगमगली तर सुरावट तिला सांभाळून घेते. खर्ज चुकला तर झाकायला काही नसतं.

म्हणून बोटं ठरवायची ती परतीचा विचार करून. कॉर्डमधला खालचा स्वर सवयीने करंगळीकडे जातो. कॉर्ड आटोपशीर असेल तिथे तो अनामिकेला द्यावा: पंजा तेवढाच डावीकडे राहतो आणि मोकळी करंगळी खर्जाच्या एक पट्टी जवळ येते. एक पट्टी म्हणजे फार नाही, पण संथ लयीतही तेवढ्याने हाताची घाई जाते. पहिलाच खर्ज, ई-फ्लॅट, ही काळ्या पट्ट्यांच्या जोडीतली उजवी पट्टी, चाचपूनही सापडते. हात उंच उचलून टाकण्यापेक्षा पट्ट्यांच्या लगत सरकवावा, नजर आधी पोचवावी, आणि कॉर्ड दाबण्यापूर्वी बोटं तिच्यावर टेकलेली असावीत. वरून आदळलेली कॉर्ड इथे फार कर्कश वाटते.

करंगळी खर्ज सोडून निघते तरी तो स्वर घुमत राहतो, ही पेडलची करामत. पाय दबण्याआधीच करंगळी उठली तर खाली पोकळी पडते. शोपाँने पेडलच्या खुणा त्या खर्जाशी जुळवून लिहिल्या आहेत. शोपाँच्या आधीचा संगीतकार जॉन फील्ड याचा 1812 चा पहिला नॉक्टर्नही ई-फ्लॅटमधला, बाराच ठोक्यांचा. पण त्यात डावा हात सुटे स्वर उलगडत जातो. शोपाँने खर्ज आणि कॉर्ड यांच्यात अंतर पाडलं, आणि त्या मोकळ्या जागेमुळे वरची सुरावट श्वास घेते.

डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, त्याने लय सोडायची नाही, असं शोपाँ सांगत असे, अशी आठवण त्याचा शिष्य लेन्झ याने नोंदवली आहे. उजव्याला रेंगाळायची मुभा मिळते ती त्यामुळेच.

पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं या नॉक्टर्नचं 1965 चं ध्वनिमुद्रण मिळवा आणि एकदा तरी सुरावट बाजूला ठेवून फक्त खर्ज ऐका.