साहित्य-समीक्षा

साहित्यावर अभिप्राय द्या, असे कुणी म्हटले की आमचे हात शिवशिवू लागतात. शिरूर अनंतपाळात तीस वर्षे मराठी शिकवले. उसनी कविता आम्हाला दुरूनच वासावरून कळते. त्यामुळे पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, साहित्य पाठवलंय, बघून कसं वाटतं ते सांगा," तेव्हा आम्ही चष्मा पुसून तयारच बसलो. पार्सल फोडले, तर आत पट्टे, दोरी, भोकाच्या डब्या, कापसाच्या काड्या, चिमटा आणि तेलाच्या तीन इवल्या बाटल्या. साहित्य होते, पण कुत्र्याचे!

त्याचे असे आहे. १९९३ साली मुंबईत झंजीर नावाच्या पोलीस कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकले, हे आपण वाचलेले असते. तशाच तालमीचा घरगुती कुत्र्यांसाठी अमेरिकेत २००६ साली एक खेळ झाला. त्यात आरडीएक्सऐवजी भूर्ज, विलायती बडीशेप आणि लवंग यांच्या तेलाचे वास. तेलाची काडी डबीत, डबी एका खोक्यात आणि ते खोके इतर रिकाम्या खोक्यांत. कुत्र्याने वास काढायचा आणि सापडला की तिथे बसायचे. पुतण्याने शेजारच्या चाकूर तालुक्यातल्या जानवळहून कारवान जातीचे पिल्लू नेले होते. नाव बाण्या. त्याला लवंगेचा वास शिकवून झाला, तोवर तो फ्लॅटमध्ये मावेनासा झाला. मग पुढील शिक्षणासाठी तो आमच्याकडे आला. उलटी गंगा म्हणतात ती हीच.

आता समीक्षा. पहिली कृती साखळीचा गळपट्टा, ओढला की आवळणारा. ही साफ फसलेली आहे. हुंगणारा कुत्रा पुढे ओढणारच, आणि ज्या श्वासावर नाकाचा सारा संसार, तोच इथे कोंडतो. पात्राचा गळा धरून संवाद वदवून घेणारे नाटककार आम्ही पाहिले आहेत, हा त्यातलाच. साधा पट्टाही कारवानला चालत नाही. त्याचे डोके मानेच्या मानाने अरुंद; तो मागे सरला की पट्टा आपल्या हातात आणि कुत्रा निटूरच्या रस्त्याला. छातीवरून जाणारा, खांदे मोकळे सोडणारा पट्टा मात्र अस्सल. दोरी दहा मीटरची. महाकादंबरीचा हा दोष जुनाच. पहिल्याच दिवशी तिने तुळस, सायकल आणि आमची सौ. एकत्र गुंफली. अंगणाला तीन मीटर पुरे. डब्या पत्र्याच्या, हे बरे. प्लॅस्टिकला वास चिकटून राहतो. खोकी पार्सलात नव्हती. ती चपलांच्या दुकानातून फुकट आणली. दुकानदार म्हणाला, "सर, एवढी खोकी काय करायलाव? दुकान टाकायलाव का?"

साहित्य जमले, पण तालीम जमेना. आठ दिवस बाण्या खोक्यांपाशी उगीच घुटमळायचा आणि थेट आमच्यापुढे येऊन बसायचा. आम्ही "चूक!" म्हणून ओरडायचो. तो हलायचा नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, त्याला तुमची कीव येत असेल." शेवटी आम्ही पुतण्याला कळवले, की ही जात डोळ्यांनी शिकार करणारी, हिचे नाक फक्त चेहरा पुरा करण्यापुरते आहे, तेव्हा पिल्लू जानवळला परत देऊन टाक. पुतण्या बिचारा म्हणाला, "बरं काका, रविवारी गाडी घेऊन येतो."

शनिवारी सकाळी आतून आवाज आला, "अहो, लवंगा संपल्या! एका दाढेसाठी किती चघळाल?"

आम्ही होतो तिथेच उभे राहिलो. पंधरा दिवस आमच्या गालात लवंग होती. म्हणजे बाण्या रोज बरोबर उत्तर देत होता आणि गुरुजी रोज त्यावर लाल फुली मारत होते. तीस वर्षांत अशा फुल्या आणखी किती जणांच्या वह्यांवर मारल्या असतील, तो हिशेब करायचे धैर्य झाले नाही.

या दोषात आम्ही एकटे नाही. २०११ साली कॅलिफोर्नियात झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. अठरा वासतज्ज्ञ कुत्रे आणि त्यांचे हाताळणारे. लाल कागद दिसला की तिथे माल आहे, असे हाताळणाऱ्यांना सांगितले होते. प्रत्यक्षात कुठेच काही ठेवले नव्हते. तरी 'सापडले'च्या खबरा शेकड्यांनी आल्या, आणि जास्त करून त्या कागदांपाशी! माणसाच्या मनातले दोरीतून कुत्र्यापर्यंत उतरते की काय, कोण जाणे.

त्या संध्याकाळी आम्ही चूळ भरली, हात धुतले, सदरा बदलला. डबी सौ.नी लपवली, म्हणजे आम्हालाही ठाऊक नको. बाण्या चार खोकी हुंगून पाचव्यापुढे बसला. उघडले. लवंग!

रविवारी गाडी आली ती रिकामीच परत गेली. सोबत आमचा लेखी अभिप्राय दिला: 'साखळी वगळता साहित्य उत्तम. फक्त दोरीच्या या टोकाचा माल सदोष आहे. बदलून मिळतो का, चौकशी कर.'