तुलना हीच पद्धती : ताराबाई शिंदे यांच्या निबंधातील विगमन आणि निगमन

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या पुस्तकाविषयी लिहिताना संताप, तळमळ, उपहास हे शब्द हटकून येतात. ते चुकीचे नाहीत. पण लेखिकेच्या संतापाचीच चर्चा झाली की तिच्या तर्काची चर्चा राहून जाते आणि निबंध म्हणून लिहिलेले पुस्तक केवळ सामाजिक दस्तऐवज होऊन बसते. या पुस्तकाचे खरे बळ त्याच्या युक्तिवादाच्या बांधणीत आहे असे मला वाटते. ती बांधणी उलगडून पाहणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वादनिबंधात निष्कर्षाकडे जाण्याच्या दोन वाटा असतात. सुट्या उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे जाणे हे विगमन. मान्य नियमावरून विशिष्ट प्रकरणाचा निकाल लावणे हे निगमन. आपल्या न्यायदर्शनाने या दोन्ही वाटा एकाच अनुमानात गुंफल्या. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. यातला ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा नियम म्हणजे व्याप्ती, आणि स्वयंपाकघर हा त्या नियमाला अनुभवाचा आधार देणारा दृष्टांत. दृष्टांत लंगडा असेल तर व्याप्ती डळमळते, आणि व्याप्ती डळमळली की तिच्यावर उभा केलेला निष्कर्षही टिकत नाही. ही तपासणी ताराबाईंच्या निबंधाला लावून पाहू.

निबंधाचे निमित्त सर्वज्ञात आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य झाली. या प्रकरणावरून वृत्तपत्रांत चर्चा सुरू झाली आणि ‘पुणेवैभव’सारख्या पत्रातून एकूण स्त्रीजातीच्या चारित्र्यावरच टीका होऊ लागली. या टीकेची तार्किक घडण पाहण्यासारखी आहे. एका स्त्रीच्या कृत्यावरून सर्व स्त्रिया अशाच, हे झाले विगमन, तेही एका उदाहरणावरचे. उलट, स्त्रिया स्वभावतःच कपटी असे जुन्या वचनांत सांगितले आहे, म्हणून ही स्त्रीही तशीच, हे झाले निगमन. वचनाला पुरावा सुरतेच्या घटनेचा आणि घटनेचा अर्थ लावायला आधार वचनाचा. दोन्ही अनुमाने एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत. जमिनीवर पाय कोणाचाच नाही.

यावर सरळ प्रतिवाद करायचा तर स्त्रिया निर्दोष आहेत असे सिद्ध करत बसावे लागले असते. ताराबाई त्या फंदात पडत नाहीत. जुन्या वचनांत स्त्रियांच्या माथी मारलेले साहस, कपट, मूर्खपणा असे दोष त्या एकेक करून हातात घेतात आणि विचारतात, हा पुरुषांत नाही काय? लाचखाऊ, ठकबाज, दारूबाज, बाहेरख्याली पुरुषांची उदाहरणे वाचकाच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. दोष दोन्हीकडे दिसत असेल तर त्याचे कारण स्त्रीत्व असू शकत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या तर्कग्रंथात (१८४३) कारण शोधण्यासाठी प्रकरणे शेजारी ठेवून पाहण्याच्या ज्या रीती सांगितल्या, त्यांच्याशी हे काम नाते सांगते. शीर्षकातला ‘तुलना’ हा शब्द म्हणूनच मला निव्वळ विषयवाचक वाटत नाही. तो पद्धतीचे नाव आहे.

मग खरे कारण कोणते? इथे न्यायशास्त्रातली उपाधीची कल्पना उपयोगी पडते. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हा नियम खोटा, कारण तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला अग्नीसोबत ओले सरपण लागते. ओले सरपण ही उपाधी. विधवेच्या ‘पापा’मागची अशी उपाधी ताराबाई दाखवतात : पुनर्विवाहाची बंदी आणि विधवेला भुलवून पुढे नामानिराळा राहणारा पुरुष. स्त्रीस्वभाव तोच ठेवून ही बंदी काढली तर अर्भकहत्येचे कारणच उरत नाही. त्यांनी न्यायाच्या पोथ्या वाचल्या होत्या असे मला म्हणायचे नाही. वादाची गरज त्यांना त्याच जागी घेऊन गेली, एवढेच.

निगमनाचा वापर त्या वेगळ्या तऱ्हेने करतात. प्रतिपक्षाचा नियम मान्य करून त्या तो त्याच्याच अंगावर उलटवतात. पती हा देव असेल तर त्याने देवासारखे वागायला नको का? सावित्री नवऱ्याच्या प्राणांसाठी यमापर्यंत गेली. बायकोसाठी त्या वाटेवर पाऊल टाकणारा नवरा कोणी ऐकला आहे का? सहजीवनाचा धर्म दोघांचा असेल, तर बायको मेल्यावर दुसरी आणायला पुरुष मोकळा का? नियम एक आणि तो लागू करण्याच्या रीती दोन, ही विसंगती यातून उघडी पडते.

मात्र या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. ‘सर्व स्त्रिया अशाच’ हे विधान पाडायला थोडे प्रतिदृष्टांत पुरतात. ‘पुरुष स्त्रियांपेक्षा अधिक दोषी’ हे सिद्ध करायला पुरत नाहीत. ताराबाई पहिल्यावर थांबत नाहीत. ‘तुम्ही पुरुष’ असे संबोधून त्या जेव्हा सरसकट बोलतात, तेव्हा प्रतिपक्षाचेच घाईचे विगमन त्यांच्या लेखणीतून उतरते. म्हणून त्यांचे खंडन पूर्ण आहे, मंडन अपुरे, असा माझा निर्णय आहे. हा फरक नोंदवला तर निबंधाचा मान कमी होत नाही. गंभीर युक्तिवादाचीच अशी चिकित्सा होते.

आगरकरांशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. १८८८ पासून ‘सुधारका’त लिहिताना मिल आणि स्पेन्सर यांचे संस्कार पचवलेले आगरकर बहुधा व्यक्तिस्वातंत्र्य किंवा समाजाचे सुख असे सामान्य तत्त्व मांडून त्या कसोटीवर रूढी घासून पाहतात. तत्त्व मान्य असलेल्या वाचकापुढे ही रीत अजिंक्य ठरते. अमान्य असेल तर वाद तिथेच अडतो. ताराबाई वाचकाकडून नवे तत्त्व मान्य करून घेत नाहीत. त्याच्या घरातली उदाहरणे आणि त्याचीच शास्त्रे त्यांना पुरतात.

महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये (१८८५) या निबंधाची बाजू घेतली. पुढे तो विस्मरणात गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रकाशात आणला. तेव्हापासून स्त्रीमुक्तीच्या इतिहासात त्याला हक्काची जागा मिळाली. परंतु मराठी निबंधाची परंपरा सांगताना आपण आजही लोकहितवादी, चिपळूणकर, आगरकर अशी ओळ धरतो. चिपळूणकर वारले ते १८८२ सालीच. ‘निबंधमाले’च्या चौऱ्याऐंशी अंकांचे पर्व सरत असतानाच हा निबंध प्रसिद्ध झाला. निबंधाच्या त्या ओळीत त्याला बसवायचे, तर स्त्रीने लिहिला किंवा आधी लिहिला हे कारण पुरेसे नाही. एका उदाहरणावरून जातीचा न्याय करणारे अनुमान कुठे मोडते हे त्याने इतक्या लवकर आणि इतक्या नेमकेपणाने दाखवले, हे ते कारण असायला हवे.