‘डेटा ७०’ : यंत्रलिपीचे अलंकरण

प्रस्तावना

मुद्राक्षरांचे मूल्यमापन सामान्यतः वाचनीयता व सौंदर्य या दोन निकषांवर केले जाते. परंतु काही अक्षरसंचांचे प्रयोजन मजकूर पोहोचविणे एवढेच नसून एखाद्या युगाची कल्पना सूचित करणे हेही असते. बॉब न्यूमन यांनी लेट्रासेट या ब्रिटिश कंपनीसाठी १९७० मध्ये सिद्ध केलेला ‘डेटा ७०’ हा जाड, ठोकळेवजा, शीर्षकांसाठीचा अक्षरसंच त्यांपैकी एक होय. प्रस्तुत लेखात त्याच्या रूपाची चिकित्सा केली आहे.

रूपाचे मूळ

या रूपाचे मूळ धनादेशाच्या तळाशी छापलेल्या अंकांत आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतील वाढते धनादेश हाताने निपटणे अवघड झाले. तेव्हा बँक ऑफ अमेरिका व स्टॅनफर्ड संशोधन संस्था यांच्या प्रयत्नांतून चुंबकीय शाईचे अंक यंत्राने वाचण्याची पद्धत विकसित झाली. तिच्यासाठी स्वीकारलेल्या ‘ई-१३बी’ या संचात १० अंक व ४ चिन्हे आहेत. वर्णाक्षर एकही नाही. अंक वाचनशीर्षाजवळून सरकताना शाईच्या वाटणीनुसार विद्युतसंदेशाची लहर उमटते. प्रत्येक अंकाची लहर वेगळी यावी, म्हणून रेषा मध्येच जाड केलेली असते. भारतीय धनादेशांवरही हेच अंक आढळतात.

मूल्यमापन

न्यूमन यांच्यापूर्वी, १९६० च्या दशकात, लिओ मॅग्ज यांनी ‘वेस्टमिन्स्टर’ या अक्षरसंचात हाच मार्ग अवलंबिला होता. चौदा आकारांतून संपूर्ण वर्णमाला उभी करणे हे केवळ अनुकरण नव्हे. त्यास स्वतंत्र रचनादृष्टी लागते. ‘डेटा ७०’चे हे यश मान्य करावे लागते. तथापि मूळ अंकांत जाडी हे कार्य होते, येथे ती अलंकार झाली. ही अक्षरे कोणतेही धनादेशयंत्र वाचत नाही. शिवाय लेट्रासेटची अक्षरे पारदर्शक तावावरून हाताने घासून कागदावर उमटवावी लागत. संगणकयुगाची ग्वाही देणारे हे अक्षर हस्तकौशल्यावरच अवलंबून होते. त्याला ‘डिजिटल’ म्हणणेही तपासून पाहावे लागते, कारण मूळ अंकांची ओळख अखंड लहरीच्या आकारावरून पटत असे.

सलग मजकुरात ही जाडी डोळ्यांना अडखळविते. दोन-तीन शब्दांच्या शीर्षकात मात्र तीच परिणामकारक ठरते. संगणक प्रत्यक्ष पाहिलेला नसलेल्या वाचकवर्गाला या अक्षरांनी त्याचा एक चेहरा दिला. पण तो चेहरा बँकेच्या हिशेबयंत्राकडून उसना घेतलेला होता, ही त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते.

समारोप

१९७० मध्ये भविष्यसूचक वाटलेले हे अक्षर आज गतकाळाची खूण म्हणून वापरले जाते. यंत्राच्या गरजेने घडविलेला आकार माणसाच्या कल्पनेत टिकून राहिला. म्हणून ‘डेटा ७०’कडे संगणकाचे अक्षर म्हणून न पाहता, संगणकाविषयीच्या मानवी कल्पनेचे अक्षर म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरेल.