टिळकांच्या अभंगांतील ख्रिस्तैक्य

ख्रिस्ती धर्मविचारात श्रद्धावंताचे ख्रिस्ताशी ऐक्य ही केवळ भावावस्था नव्हे. योहानकृत शुभवर्तमानातील द्राक्षवेल व फाटे यांचे रूपक आणि पौलाच्या पत्रांतून पुनःपुन्हा येणारी ‘ख्रिस्तामध्ये’ असण्याची कल्पना, हे या सिद्धांताचे मुख्य आधार होत. जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजसारख्या विद्यालयांत त्याचे अध्ययन धर्मशास्त्र म्हणून होते. मराठी काव्यात मात्र तो अभंगाच्या वाटेने रुजला, आणि याचे श्रेय प्रामुख्याने नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे आहे.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तुकोबांना ख्रिस्ताकडे नेणारा सेतू मानले. साहजिकच त्यांच्या भक्तिगीतांत ख्रिस्त गुरुमाउली होऊन येतो. त्याचा विरह आणि त्याच्या भेटीची तळमळ वारकरी परंपरेच्याच शब्दांत प्रकटते. येथे प्रश्न उद्भवतो तो असा : हे ऐक्य म्हणजे चौथी मुक्ती, सायुज्यता, हिचेच नामांतर आहे काय?

तसे म्हणता येत नाही. फाटा वेलीत राहतो, पण वेल होत नाही. शिवाय पौलाच्या मते हे ऐक्य ख्रिस्ताच्या मरणातील सहभागापासून सुरू होते. बाप्तिस्मा हे त्या मरणाचे व पुनरुत्थानाचे चिन्ह होय. टिळकांनी माउलीचे रूपक योजून भक्त व देव यांतील भेद राखला आणि जवळीकही साधली, हे त्यांचे खरे यश. परंतु वात्सल्याचा हा ओघ प्रबळ होतो तेथे क्रूसाची कठोरता मंदावते, ही त्या यशाची मर्यादा.

ही मर्यादा केवळ काव्यगत नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखेच स्थान देऊ केले. ऐक्य अंतरीचे असेल तर बाह्य विधीची अट कशाला, हा अभंगांत गर्भित असलेला प्रश्न येथे आचारात उतरला. पौलाच्या दृष्टीने मात्र ख्रिस्ताशी जोडले जाणे म्हणजे त्याच्या शरीराचा, म्हणजेच मंडळीचा, अवयव होणे. भक्ताचा एकांत आणि मंडळीचे बंधन यांतील हा ताण टिळकांनी मिटविला नाही. त्यांच्या अभंगांची सच्चाई मात्र त्या ताणातूनच आली आहे.