गावाला आई म्हणायचं कुणी?

अमेरिकेच्या कंट्री गाण्यांत गाव म्हणजे आई. जॉन डेन्व्हरचं १९७१ चं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ घ्या. रस्त्याला माणसासारखी हाक, वेस्ट व्हर्जिनियाला आईपण. गंमत अशी, की बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्टला ते सुचलं मेरीलँडच्या रस्त्यावर. तरी ऐकताना माझाबी गळा दाटतो. रूपकाची ताकद आहे, नाही कशाला म्हणू?

पण मग चार्ली प्राइड ऐकला. काळा माणूस, मिसिसिपीतल्या स्लेजचा, वाटेकऱ्याचा पोर, कापूस वेचून वाढलेला. १९६६ साली त्याच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओवाल्यांकडं गेल्या त्या फोटोशिवाय. कातडी दिसली तर वाजवतील का, ही धास्ती. १९७४ साली त्यानं कापूसपट्ट्यातल्या गावाचं गाणं गायलं. शब्द लिहिणाऱ्यांत हॅरॉल्ड डॉर्मन. त्यात गाव आई होत नाही. धूळ आहे, उपाशी कुत्रं आहे. उपमेचा साज जवळजवळ नाहीच. ओढ मात्र आहे, आणि मला तीच जास्त खरी वाटते.

माझा बाप मुंबईच्या चाळीत गावाची याद काढायचा. गावच्या विहिरीचं नाव कधी घेतलं नाही त्यानं. वस्तीतल्या लिंबाच्या सावलीचं तेवढं सांगायचा.