‘प्रतिरोध’ या संज्ञेविषयी

इन्सुलिन-उपचाराविषयी रुग्ण व चिकित्सक यांची वृत्ती तपासणारा मार्क पेरॉट व त्यांचे सहकारी यांचा निबंध २००५ साली ‘डायबिटीस केअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १३ देशांतील २,६८१ डॉक्टर व १,१०९ परिचारिका यांची मते त्यात घेतलेली आहेत. निबंधाचे मोल निर्विवाद आहे. परंतु ज्या ‘प्रतिरोध’ या शब्दावर त्याची उभारणी झाली आहे, तो मात्र तपासून घ्यावयास हवा.

‘इन्सुलिन-प्रतिरोध’ ही संज्ञा मूळची शरीरशास्त्रातील. पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, एवढाच तिचा अर्थ. पेशीला मत नसते, भय नसते. तोच शब्द डॉक्टरांना लावला म्हणजे त्यांचा विलंब एखाद्या विकारासारखा भासू लागतो. निबंधाचे निष्कर्ष तर निराळीच साक्ष देतात. इन्सुलिनच्या गुणावर ज्यांचा विश्वास आहे आणि आपले रुग्ण औषधे व भेटी नियमाने पाळतात असे ज्यांना वाटते, ते डॉक्टर विलंब कमी करतात. तेव्हा हा निर्णय आहे, आणि निर्णयाला कारणे विचारता येतात.

५० ते ५५ टक्के परिचारिका व सामान्य व्यवसायी डॉक्टर ‘अगदी आवश्यक होईपर्यंत’ इन्सुलिन लांबणीवर टाकतात, असे निबंध सांगतो. परंतु आवश्यकतेची सीमा कोणती? एकाला ती रक्तशर्करेच्या आकड्यात दिसेल, दुसऱ्याला पायाच्या न भरणाऱ्या जखमेत. एकाच उत्तराखाली दोन भिन्न आचरणे येथे एकत्र येतात.

याच निबंधात असेही आढळते की, इन्सुलिनची वेळ आल्यास रुग्ण स्वतःलाच दोष देतील. हा दोषभाव कसा रुजत असावा, याचा माग मराठी वाक्यरचनेतही लागतो. ‘पथ्य सांभाळा, नाही तर इन्सुलिन घ्यावे लागेल,’ या वाक्यातील ‘नाही तर’ने औषधाची शिक्षा होते, आणि ‘लागेल’ने तिच्यावर सक्तीचा शिक्का बसतो. वस्तुतः ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाच्या १९९८ सालच्या निष्कर्षांत उपचार चालू असतानाही वर्षानुवर्षे शर्करा वाढत गेलेली दिसते. म्हणजे इन्सुलिनची गरज हा नेहमीच रुग्णाच्या हलगर्जीचा पुरावा नव्हे.

शब्द बदलल्याने रक्तशर्करा अकस्मात उतरण्याचे भय नाहीसे होणार नाही, की सुई टोचण्यास शिकविण्यासाठी लागणारा वेळही मिळणार नाही. परंतु जे औषध पाच वर्षे धाक म्हणून दाखविले, तेच सहाव्या वर्षी उपाय म्हणून सुचविताना डॉक्टरांची जीभ अडखळली, तर त्या अडखळण्याला ‘प्रतिरोध’ म्हणणे म्हणजे कारणाचा शोध मध्येच सोडणे होय.