सुईणीचा देव कोणता? : एका खेळातील रिकाम्या जागेविषयी

तीन वर्षांपूर्वी भाच्याच्या आग्रहाखातर मी पहिल्यांदा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसले. टेबलाभोवती चार-पाच जण, प्रत्येकाच्या हाती एका काल्पनिक पात्राचा कागद, मध्ये वीस पैलूंचा फासा आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार, असा हा खेळ. ‘तुला कोण व्हायचंय?’ भाच्याने विचारलं. मी म्हटलं, ‘सुईण.’ माझी आजी गावात हेच काम करायची. त्याने नियमांचं पुस्तक पुढून-मागून चाळलं आणि म्हणाला, ‘मावशी, मग तुझा देव कोणता?’

प्रश्न त्याचा नव्हता, पुस्तकाचा होता. तो पुस्तकात कुठून आला, हे मला तेव्हापासून शोधावंसं वाटत होतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा पात्रांचे तीनच वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे दैवी कृपेने शक्ती मिळालेला धर्मयोद्धा. जखमा भरण्याचे मंत्र क्लेरिकच्या वाट्याला गेले. बरं करणं ही विद्या न राहता कृपा झाली, ती तिथे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत बारा वर्ग आणि चाळीस उपवर्ग आहेत. उपवर्ग म्हणजे वर्गातली खास वाट. पात्र जसं अनुभवी होतं, तशी ती नवनवी सामर्थ्यं देत जाते. त्यात जनावराचं रूप घेणारे आहेत, अंगात ड्रॅगनचं रक्त असलेले आहेत, मारेकरी आहेत. मंत्रावाचून, हाताच्या कसबाने दुसऱ्याला बरं करणारं मात्र कुणी नाही. २०१९चा अल्केमिस्ट औषधं करतो, पण तीही जादूचीच. २०२०चा ‘वे ऑफ मर्सी’ हा भिक्षूंचा उपवर्ग सर्वांत जवळ येतो. त्याला वैद्यकी आणि वनौषधींचं ज्ञान मिळतं. तरी जखम भरते ती अंतरीच्या गूढ शक्तीने.

यावर उत्तर असं की, वैद्यकी हे कौशल्य कुठलंही पात्र घेऊ शकतं. खरं आहे. पण कौशल्य म्हणजे फाशात मिळवायचा एक आकडा. त्याला वाढत जाणारी वाट नसते, आणि या खेळात वाट असणं म्हणजेच प्रतिष्ठा असणं.

गंमत अशी की, खेळणाऱ्यांनी या रिकाम्या जागेत आपणच एकाला बसवलं आहे. ‘हीलर’ नावाचं एक जादाचं कसब घेतलं, तर दहा वेळा पुरणाऱ्या साध्या मलमपट्टीच्या पेटीतून जखमीला खरोखर शक्ती परत देता येते. आणि चोराच्या उपवर्गाचे हात इतके चपळ, की लढता लढता तो ही पेटी झटकन वापरतो. म्हणजे या जगातला सर्वांत चांगला निधर्मी वैद्य हा चोर! त्याच्या वर्गाच्या इंग्रजी नावाचा उच्चार मराठीत ‘रोग’ होतो, हे आणखी वर.

रिकामी जागा कुणी भरलीच नव्हती असं नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीत ‘वॉरलॉर्ड’ हा वर्ग होता. तो नुसत्या शब्दांनी पडलेल्या सोबत्याला उभं करी. त्यावर आक्षेप आला, ‘ओरडून कधी जखम भरते का?’ पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात हा वर्ग नाही. पण त्याच पुस्तकात पात्राच्या प्राणशक्तीची व्याख्या शरीराचा चिवटपणा, मनाचं बळ, जगण्याची इच्छा आणि नशीब यांची बेरीज अशी आहे. मग धीराचा शब्द तिथे का चालू नये? मंत्र पुटपुटला की कुणी शंका घेत नाही, माणूस बोलला की पुरावा मागतात.

तरीही मला वाटतं, नुसता एक उपवर्ग वाढवून हे भागणार नाही. अडचण वेळेची आहे. पाचव्या आवृत्तीत आठ तासांची विश्रांती घेतली की गेलेली सारी प्राणशक्ती परत येते. जिथे आजारपणच नाही, तिथे शुश्रूषा कशी असेल? सुईणीचं निम्मं काम वाट पाहण्याचं असतं. आजी रात्र रात्र उशाशी बसून राहायची. त्या बसण्याला या खेळात एकही नियम नाही.

सूत्रधाराच्या पुस्तकात मात्र एक पर्यायी नियम आहे : मोठी विश्रांती सात दिवसांची. गेल्या पावसाळ्यात आम्ही तो लावून पाहिला, आणि माझ्या चोराच्या उपवर्गाच्या जागी एक घरगुती उपवर्ग लिहिला. तिसऱ्या पातळीवर तिला जखमीची खरी अवस्था कळते. नवव्या पातळीवर ती ज्याच्या उशाशी बसेल, त्याची विश्रांती तीन दिवसांत पुरी होते. पण तेवढे दिवस तिला दुसरं काही करता येत नाही. तेराव्या पातळीवर दोघे एकदम पडले, तर कुणाला वाचवता येईल हे तिला आधी कळतं. निवड तिचीच.

हे निर्दोष नाही. पहिल्या दोन बैठकींत मुलं कंटाळली. तिसऱ्या बैठकीत भाच्याचा लढवय्या जखमी होऊन पडला आणि बाकीच्यांना पुढे निघायचं होतं. किल्ला सोडून त्याच्यापाशी थांबायचं की नाही, यावर तासभर वाद झाला. त्या तासात फासा कुणीच टाकला नाही. शेवटी ते थांबले.

माझ्या कागदावर वर्गाच्या रकान्यात अजून ‘रोग’च लिहिलेलं आहे. देवाचा रकाना कोराच आहे.